केअरफ्रीचा साक्षीदार

खरंशेका सर रस्त्यात कुणालाही वेळ विचारायचे आणि लगेच पुढच्या माणसालाही विचारायचे. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर तिसऱ्याला. त्यांच्या मनगटावर घड्याळ असायचं, पण ते सासऱ्यांनी दिलेलं म्हणून त्यांचा त्याच्यावर भरवसा नव्हता. एसटीत चढताना पाटी वाचायचे, मग कंडक्टरला विचारायचे, मग शेजारी बसलेल्या बाईला, "ही भुसावळचीच ना?" गाडी सुटली की खिडकीतून दिशा बघून घ्यायचे. एकदा इतकं करूनही चुकीच्या गाडीत बसले होते म्हणे. त्या दिवसापासून शेजारणीबरोबर समोरच्या बाकावरच्यांनाही विचारायला लागले.

सर आम्हाला इंग्रजी शिकवायचे, फैजपूरच्या एका शाळेत. मूळचे नरडाण्याकडचे. वर्गात पुस्तकातली मराठी बोलत, साहेब तपासणीला आले की इंग्रजी, आणि मनात संशय आला की घरची अहिराणी. आमच्या पूर्वेकडची बोली निराळी, त्यामुळे त्यांचं "खरं शे का?", म्हणजे खरं आहे का, आम्हाला फार गमतीचं वाटायचं. नाव त्यावरूनच पडलं. त्यांना ते माहीत होतं. एकदा पाठमोरे असताना मागून कुणीतरी "खरंशेका" म्हणालं, तर फळ्यावरचा हात न थांबवता म्हणाले, "नाव ठेवणारा एकच आहे की बठ्ठा वर्ग?" बठ्ठा म्हणजे त्यांच्याकडं सगळा.

चहा समोर आला की आधी वास घ्यायचे. लग्नात जेवायच्या आधी नवरदेवाकडे पाच मिनिटं बघत बसायचे आणि म्हणायचे, "फोटोवाला गेल्यावर बघू, किती हसतो ते." डिक्शनरीवरसुद्धा त्यांचा संशय होता. म्हणायचे, "लिहिणारा मोठा माणूस असेल, नाही कोण म्हणतं? पण तो सावद्याला कधी आला होता का? आपली माणसं त्यानं पाहिली का?" आम्ही म्हणायचो, नाही सर. "मग त्यानं दिलेला अर्थ आपल्याला बसतो की नाही, हे कोण बघणार? आपणच बघणार."

यातूनच त्यांची ती वाक्यांची पद्धत निघाली होती. आमच्या वहीत तीन रकाने असत : शब्द, वाक्य आणि साक्षीदार. शब्दाचं वाक्य करायचं ते खऱ्या माणसावर, आणि ते खरं असल्याचं सांगणारं कुणीतरी समोर लिहायचं. 'जनरस'चं वाक्य एका पोरानं आपल्या मामावर केलं. त्याच संध्याकाळी सर मामाच्या दारात जाऊन शिडी मागायला उभे. मामा म्हणाला, शिडी मोडली आहे. सरांनी मान वाकडी करून आत पाहिलं, शिडी भिंतीला टेकून उभी होती. दुसऱ्या दिवशी वाक्यावर लाल रेघ. 'ऑनेस्ट'चं वाक्य आमच्यातल्या एका हुशार मुलीनं हेडमास्तरांवर केलं, त्यावर सरांनी बारीक अक्षरात शेरा दिला : साक्षीदार अपुरे. तिनं ती वही कुणाला दाखवली नाही, पण आम्ही पाहिलीच.

मला त्यांचा राग यायचा, हे कबूल करते. चौदा वर्षांच्या पोरीला जगात निदान काहीतरी आपोआप खरं असावंसं वाटतं. या माणसाला तेवढंही मंजूर नव्हतं.

नववीच्या थंडीत तो शब्द आला. केअरफ्री. सरांनी तो फळ्यावर लिहिला आणि खडू ठेवून दिला. म्हणाले, "केअर म्हणजे काळजी, फ्री म्हणजे मोकळा. पुस्तकात अर्थ दिलाय निश्चिंत. मला पटत नाही. निश्चिंत म्हणजे काळजी होती आणि मिटली. बेफिकीर म्हणजे काळजी करायला हवी, पण करत नाही, त्याला लोक शिव्या घालतात. आणि हा केअरफ्री म्हणजे ज्याच्या मनात काळजी या घडीला नाहीच, आणि त्यामुळे तो खुशीत आहे. असा माणूस कुणी पाहिलाय?"

कुणीतरी म्हणालं, म्हैस. सर म्हणाले, माणूस विचारला. तान्हं बाळ? "रडतं ते कशाला मग?" एकजण म्हणाला, सावद्याचे केळीवाले व्यापारी, सारखे हसत असतात. "वारं सुटून केळीच्या बागा आडव्या झाल्या की बघ त्यांच्याकडं," सर म्हणाले. स्टँडवरचा तो स्वतःशी गाणारा माणूस सुचवला तर सर म्हणाले, "त्याला हसू नका." मग त्यांनी सांगितलं की पंधरा वर्षांत या शब्दाचं एकही वाक्य त्यांच्याकडे पास झालेलं नाही. त्यांची स्वतःची एक जाड वही होती, त्यात पास झालेली वाक्यं ते उतरवून घ्यायचे. केअरफ्रीचं पान कोरं होतं. "सोमवारपर्यंत आणा," म्हणाले. "शब्द वापरायचा तर नीट वापरा. 'केअरफ्री मॅन' म्हणाल, पण तो तसा कधीपासून आहे, हेही लिहायचं. असा माणूस जन्मापासून तसा नसतो. कधीपासून, ते मला सांगा."

आता माझ्या दादाबद्दल सांगते. गोपाळदादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. पोलीस भरतीसाठी तीन वर्षं पळत होता. पहाटे शेतरस्त्यावर धावायचा, गळ्यात स्टॉपवॉच. त्या घड्याळाला मी हात लावला तरी ओरडायचा. तिसऱ्या भरतीतही धावण्यात थोडक्यात गेला. घरी आला आणि बोलायचाच बंद झाला. दोन महिने. आबा, आमचे वडील, मळ्यात बोलवायचे तर जायचा, ताट वाढलं तर चिवडायचा. आईनं नवस बोलून ठेवले. आत्या म्हणाली नजर लागली, काका म्हणाले आळस आहे. गावात प्रत्येकाकडे एक निदान असतंच.

आणि त्या रविवारी दादा एकदम बरा झाला. सकाळी दाढी केली, डोक्याला तेल लावलं, आईच्या मिक्सरची वायर नीट करून दिली. आत्याकडे जाऊन आला, काकांच्या पाया पडला. दोन वेळा वांग्याचं भरीत मागून खाल्लं. आई स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून रडत होती, म्हणाली, "हसलं व माय पोरगं, हसलं." संध्याकाळी त्यानं मला हाक मारली आणि ते स्टॉपवॉच माझ्या गळ्यात घातलं. मी म्हटलं, तुला? तर म्हणाला, "मले आता लागत नाही." चांगला शर्ट चुलतभावाला देऊन टाकला होता, पळायचे बूट शेजारच्या पोराला.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. आनंद दादाचा होताच, पण खरं सांगते, त्यातला अर्धा त्या वाक्याचा होता. पंधरा वर्षांत कुणाला न सापडलेला माणूस आमच्याच घरात निघाला होता. मी वहीत लिहिलं की माझा भाऊ रविवारपासून केअरफ्री आहे, त्यानं मला त्याचं घड्याळ दिलं कारण आता त्याला ते लागत नाही. साक्षीदाराच्या रकान्यात सगळ्यांची नावं : आई, आबा, आत्या, काका. इतके साक्षीदार कुणी आणले नव्हते.

सोमवारी दुसऱ्या तासाला सरांनी वह्या बघायला घेतल्या. माझ्या वहीपाशी आले आणि थांबले. मला वाटलं, आता पास. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

"घड्याळ देताना काय म्हणाला?"

मी सांगितलं.

"आणखी काय दिलं? कुणाकुणाला?"

मी शर्ट सांगितला, बूट सांगितले. काकांच्या पाया पडला, तेही सांगितलं, कारण मला वाटलं त्यानं वाक्य आणखी पक्कं होईल.

"त्याआधी कसा होता?"

"बोलत नव्हता सर. दोन महिने."

"आते कोठे शे तो?"

अहिराणी ऐकून वर्ग हसला. सर हसले नाहीत. मी म्हटलं, मळ्यात, एकटाच, आबा जळगावला गेलेत. सरांनी वही टेबलावर टाकली, माझा दंड धरला आणि आम्ही वर्गाबाहेर. हेडमास्तरांनी व्हरांड्यातून हाक मारली, ती त्यांनी ऐकली नाही. लुनावर मला मागे बसवलं. ज्या माणसानं कधी सायकलच्या पुढे गाडी काढली नव्हती, तो फैजपूर ते आमचा मळा चार किलोमीटर असा गेला की माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला कशाचाच अंदाज नव्हता. मला वाटलं, वाक्याची पडताळणी करायला चाललेत, आणि इतकी काय घाई.

दादा मोटरच्या खोलीच्या पायरीवर बसला होता. सरांनी मला बांधावर उभं केलं आणि म्हणाले, हलू नको. मी हलले नाही, पण ऐकू सगळं येत होतं. दादा उठला, हसत म्हणाला, "या सर, बसा. केळी खाता का?"

सर त्यांच्या इस्त्रीच्या पँटसकट मातीत बसले. "गोपाळ, फार खुशीत आहेस म्हणे."

"हो ना सर. काही टेन्शनच नाही आता."

"खरं शे का?"

"खरंच सर." दादा हसला.

"खरं शे का?"

दादा परत हसला, पण थोडं कमी.

मग सरांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी हळू, आमच्याशी कधीच बोलले नव्हते अशा आवाजात तिसऱ्यांदा विचारलं. दादाचा चेहरा असा उतरला की मला तो ओळखू येईना. तो सरांच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागला. रडता रडता म्हणाला, "आईले सांगू नका." सर म्हणाले, "सांगसू. बठ्ठासले सांगसू. लपवायचं काही नाही यात."

दादानं त्या दिवशी जीव द्यायचं ठरवलं होतं. ठरलं म्हणून त्याचा जीव हलका झाला होता, आणि तो हलकेपणा पाहून आम्ही घरात भरीत केलं होतं. मी त्याचं वाक्य केलं होतं. हे मला नीट कळायला फार वर्षं लागली आणि कळल्यावर पुढची कितीतरी वर्षं मी स्वतःला माफ केलं नाही.

सर संध्याकाळपर्यंत तिथून उठले नाहीत. आबा आल्यावर त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. काका म्हणाले, मास्तर वहिमी आहे, पोरगं चांगलं हसत होतं ते रडवलं. सरांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. पुढचे सहा महिने दर पंधरा दिवसांनी दादाला एसटीनं जळगावला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरवरही त्यांचा विश्वास नव्हता, हे वेगळं सांगायला नको. गोळ्यांची चिठ्ठी दोन दुकानांत दाखवायचे. पण गोळ्या चुकू दिल्या नाहीत. रोज शाळा सुटली की आमच्या ओट्यावर यायचे, दादाशी केळीच्या घडावर नाहीतर क्रिकेटवर बोलायचे आणि जाताना आईला विचारायचे, किती भाकरी खाल्ल्या. आईनं दोन म्हटलं की दादाला विचारायचे. दोघांचं उत्तर जुळलं तरच लुना चालू व्हायची.

तास सोडून गेल्याबद्दल शाळेनं त्यांना लेखी खुलासा मागितला. त्यांनी एका ओळीत दिला : एका वाक्याची पडताळणी करायची होती, तातडीची होती.

माझी वही मात्र त्यांनी परत दिली तेव्हा वाक्यावर ना रेघ होती ना बरोबरची खूण. समोर लिहिलं होतं, 'चौकशी चालू'. दहावीच्या निरोपाच्या दिवशी मी धीर करून विचारलं, सर, तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, त्यांना एक धाकटा भाऊ होता. असाच गप्प गप्प असायचा, आणि एक दिवस एकदम खुशीत आला. घरी गोड केलं होतं. "बठ्ठासले खरं वाटनं," सर म्हणाले. "माले बी."

तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या पाया पडले. एरवी त्यांना ते चालायचं नाही, पाया पडणाऱ्याला काहीतरी हवं असतं असं त्यांचं मत होतं.

पुढे मी धुळ्याला नोकरीला लागले. सरकारी कचेरीत अर्जांची छाननी करते. माझ्या टेबलावरून अर्ज तीनदा परत जातो, अशी माझी ख्याती आहे. नवरा म्हणतो, तुझ्याशी गोड बोलायचीही भीती वाटते, लगेच 'काय झालं?' विचारतेस. विचारते. घरात कुणी कारणाशिवाय आनंदात दिसलं की मी आधी त्याच्या वस्तू जागेवर आहेत का ते बघते, मग हसते. सरांनी मला इंग्रजी किती शिकवलं ते माहीत नाही, हे मात्र पक्कं शिकवलं.

सर निवृत्त होऊन नरडाण्याला गेले, तेव्हा मी वर्षातून दोनदा भेटायला जायला लागले. सूनबाई चहा आणायच्या, सर वास घ्यायचे. माझी नोकरी, माझी मुलं, सगळं विचारायचे. दादाचं नाव मात्र काढायचे नाहीत. मीच सांगायचे : दादा आता सावद्याला असतो, केळीच्या गाड्या भरून घेण्याचं काम बघतो, लग्न झालं, मुलगी झाली. सर "असं का?" म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. मला ते लागायचं. ज्याला हातानं मागे ओढलं त्याच्याबद्दल एक प्रश्न नाही? मनात यायचं, म्हातारपणी माणूस कोरडा होतो, किंवा यांना त्या दिवसाची आठवणच नकोशी झाली असेल. संशय घ्यायला मी त्यांच्याकडूनच शिकले होते, तो मी त्यांच्यावरच घेतला.

एक गोष्ट तेवढी विचित्र वाटायची. घरात जिकडेतिकडे केळीच्या वेफर्सची पाकिटं. मी एकदा समोर ठेवलेल्या ताटलीतले खाल्ले तर सर म्हणाले, "तूच संपव, मला आवडत नाहीत." सूनबाई कुरकुरल्या, "आवडत नाहीत तर आणता कशाला मामंजी? दर सहा महिन्यांनी चार-चार पाकिटं." सर म्हणाले, स्वस्त मिळतात. वेफर्स धुळ्यातही मिळतात, हे मी तेव्हा बोलले नाही.

या हिवाळ्यात सर गेले. चार दिवस ताप आला, डॉक्टरांनी काळजीचं कारण नाही म्हटलं, तर सरांनी मुलाला दुसऱ्या डॉक्टरांना विचारायला लावलं. या खेपेलाही सरांचाच संशय खरा निघाला.

दिवस झाल्यावर मी भेटायला गेले, तेव्हा सूनबाईंनी ती जाड वही माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, तुम्हालाच द्यायची असं सांगून ठेवलं होतं, दोनदा सांगितलं. मी तिथंच ओट्यावर बसून केअरफ्रीचं पान काढलं. वर माझं वाक्य त्यांच्या अक्षरात उतरवलं होतं. साक्षीदारांची नावं सगळी खोडलेली, आई-आबांचीसुद्धा. आणि खाली नोंदी. पान पुरलं नव्हतं म्हणून पुढच्या पानांवर गेल्या होत्या. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, दर सहा महिन्यांनी एक.

"सावद्याला गेलो. गाडी भरत होता. हसला. पण मला पाहून हसला, म्हणून धरत नाही. पुढच्या वेळी दिसायचं नाही."

"वेफर्सच्या दुकानातून पाहिला. दुकानदार उभं राहू देईना, पाकिटं घ्यावी लागली. जेवत होता. दुसरी भाकरी मागून घेतली."

"आज उदास वाटला. दोन दिवस भुसावळला राहिलो, परत जाऊन पाहिलं. सर्दी होती."

"बायकोशी भांडत होता. मोठ्यानं. चांगलं लक्षण आहे."

"नवीन बूट घेतले आहेत. म्हणजे पुढचा विचार करतो."

नरडाण्याहून पॅसेंजरनं भुसावळ, तिथून एसटीनं सावदा. आणि ज्याला गाडीच्या पाटीचा भरवसा नाही, अशा माणसानं हे केलं होतं. इतकी वर्षं. माझ्या समोर बसून "असं का?" म्हणत होते आणि त्यांना माझ्याआधी माहीत होतं.

शेवटून दुसरी नोंद अशी : "मुलीला खांद्यावर घेऊन चालला होता. रस्त्यात कुणी नव्हतं. कुणी बघत नाही असं समजून गात होता. आवाज वाईट. शब्द चुकत होते. तरी गात होता." त्याखाली एक ओळ सोडून लिहिलं होतं, "खरं शे." आणि वर माझ्या वाक्यासमोर बारीकशी बरोबरची खूण.

मी रडले. सूनबाई पाणी घेऊन आल्या. डोळे पुसून मी शेवटची नोंद वाचली. ती त्यानंतर सहा महिन्यांची होती : "सावद्याला गेलो. ठीक आहे. तरी पुन्हा येऊन बघावं."

दादाला मी ती वही अजून दाखवलेली नाही. दाखवली तर तो उद्यापासून मला पाहून हसेल, आणि ते धरता येणार नाही. मागच्या आठवड्यात कचेरीतून रजा काढली, नवऱ्याला खोटं कारण सांगितलं आणि सावद्याला गेले. त्या दुकानाच्या आतल्या बाजूला उभं राहिलं की गाड्या भरतात ती जागा नीट दिसते. चार पाकिटं घेऊन आले. केळीचे वेफर्स मलाही आवडत नाहीत.